टॉर्च कोणी धरायचा

लेकीची गाडी बिघडली म्हणून एखाद्या बापाला आनंद होतो का? हरिश्चंद्राला झाला. फोन ठेवला आणि हा माणूस भाईंदर पूर्वेच्या आपल्या घरात शीळ घालत हत्यारांची पेटी शोधायला लागला. रुचिताने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की या वेळी गाडीची सर्व्हिसिंग उत्तनला घरीच केली, आणि तेव्हापासून गाडी झटके मारतेय, उभी राहिली की थरथरतेय. घरी केली म्हणजे कोणी केली, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. विचारायचंय काय त्यात? बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा नवरा घरात बसलाय. जावयाने गाडीत हात घातला आणि गाडीची वाट लावली, झालं.

"एवढं काय हसायला झालं?" शैलाने विचारलं. बायकोपासून काही लपत नाही.

"हसतोय कुठे? पोरगी अडचणीत आहे."

"दिसतंय ना तोंडावर," ती म्हणाली आणि कुकर लावायला निघून गेली.

गाडी मुळात हरिश्चंद्राचीच. टेलिफोन खात्यात होता तेव्हा घेतलेली, लाल रंगाची, छोटी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी तिचं बॉनेट उघडं, आणि शेजारी शाळकरी रुचिता टॉर्च धरून उभी. प्लग बसतात त्या खोल भोकांत दिवसाढवळ्याही अंधार असतो, तिथे उजेड पाडायला कोणीतरी लागतंच. पण पोरीचं लक्ष इंजिनापेक्षा बापाच्या तोंडाकडे. नट फिरवताना तो जीभ दातांत धरायचा, त्याची तिला भारी मजा वाटायची. तोंडाकडे बघता बघता टॉर्चही तिकडेच वळायचा, आणि मग हा खेकसायचा, "उजेड इंजिनात. माझ्या तोंडावर नको." मधूनच ती विचारायची, "बाबा, मी फिरवू का पाना?" याचं उत्तर ठरलेलं, "तू टॉर्च धर." शाळा संपली, कॉलेज संपलं, तिला नोकरी लागली, तरी उत्तर तेच.

तिने उत्तनच्या कार्लशी लग्न ठरवलं तेव्हा हरिश्चंद्र चकार शब्द बोलला नाही. नातेवाईक म्हणाले, मुलगा ख्रिस्ती आहे तरी हो म्हणाला, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. कसलं डोंबलाचं मोठं मन. याला जातीधर्माचं काही नव्हतंच. याला खुपत होतं ते एवढंच, की मुलगा इंजिनवाला निघाला. डॉक्टर चालला असता, वकील चालला असता, अगदी काही न करणारा असता तरी याने चालवून घेतला असता. पण आपल्या पोरीच्या घरात आपल्याला येतं तेच येणारा दुसरा पुरुष? ते नाही पचलं. म्हणून लग्नात गाडी लेकीला दिली ती अट घालून दिली, की सर्व्हिसिंगला ती माझ्याकडेच येणार. आतापर्यंत येत होती. या वेळी आली नाही.

उत्तनच्या बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन हा मनात भाषण तयार करत होता. मुर्धा गाव गेलं, राई गाव गेलं, याचं भाषण वाढतच चाललं. बोटी चालतात डिझेलवर, आणि डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच मुळी, हे त्यातलं सगळ्यात आवडतं वाक्य. बोटीवाल्याला पेट्रोलच्या गाडीतलं काय कळतंय? हे रुचितासमोर, अगदी शांतपणे बोलायचं. आवाज चढवायचा नाही. पोरीला आपोआप कळेल, की नवरा तो नवरा आणि बाप तो बाप.

कार्ल फाटकापाशीच उभा होता. पेटी घ्यायला पुढे झाला, पण हरिश्चंद्राने ती या हातातून त्या हातात घेतली.

"या बाबा. चा घ्या आदी."

"चहा कुठे पळून जातोय? आधी गाडी."

रुचिता दारात आली. नेहमीसारखी गळ्यात पडली नाही, जरा मागेच राहिली. तिच्या नखांत काळं साचलेलं हरिश्चंद्राला दिसलं आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे स्वतः गाडी बिघडवायची आणि वर माझ्या पोरीकडून तेलाचे बोळे धुऊन घ्यायचे, असं चाललंय इथे.

"काय काय केलंत सर्व्हिसिंगला?" त्याने कार्लला विचारलं.

कार्लने बायकोकडे बघितलं. "ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला, चारही प्लग नवे टाकले," रुचिता म्हणाली.

"मी त्यांना विचारतोय."

कार्लने मान खाली घातली. हरिश्चंद्राला ते फार बरं वाटलं.

त्याने गाडी सुरू केली. सुरू झाली, पण अंगात आल्यासारखी हलायला लागली. बॉनेटवर हात ठेवून तो ऐकत राहिला. तीन ठोके बरोबर पडत होते आणि चौथ्याच्या जागी नुसतंच फुस्स. एक सिलिंडर काम करत नव्हता. कुठला, ते शोधायची त्याची पद्धत जुनी आणि साधी. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या प्लगला वीज देणाऱ्या कॉइलची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी अडखळलं, तर तो सिलिंडर ठीक. पहिल्याची काढली, इंजिन मरायला टेकलं. दुसऱ्याचं तसंच. तिसऱ्याची काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही. म्हणजे तिसरा मेलेलाच होता.

मग गाडी बंद करून त्याने दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर बसवली आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. पुन्हा बघितलं, तरी तिसराच बंद. म्हणजे कॉइलचा काही दोष नाही. राहिला प्लग. इंजिन जरा निवू दिलं आणि तो वाकला.

तो वाकला आणि कोणी न सांगता भोकात उजेड आला. कार्ल टॉर्च घेऊन शेजारी उभा होता. उजेड जिथे हवा तिथे, नेमका, जराही न हलणारा. हरिश्चंद्राच्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्याला टॉर्चसुद्धा नीट धरता येतो. हे कुठे शिकला हा?

प्लग बाहेर आला तो काळा आणि पेट्रोलने ओला. हरिश्चंद्राने तो उजेडात धरला आणि त्याला हर्षच झाला. ठिणगी उडायला प्लगच्या टोकाला एक बारीक फट लागते. या प्लगची फट मिटून गेली होती. वरची पट्टी दबून खाली टेकली होती. प्लग हातातून फरशीवर पडला की हेच होतं.

"हा पडला होता," तो म्हणाला. ठरवलं होतं तसंच, शांतपणे. "पडलेला प्लग न बघता तसाच लावला. डिझेलच्या इंजिनाला प्लग नसतो, त्यामुळे तुम्हाला माहीत नसणार. हरकत नाही. पण माहीत नाही तिथे माणसाने हात घालू नये, कार्ल. दुसऱ्याने जपलेली वस्तू आहे ही. विचारायचं होतं. भाईंदर काही सातासमुद्रापार नाही."

"चुकलं, बाबा," कार्ल म्हणाला.

"तुझं काय चुकलं?" रुचिता पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "बाबा, प्लग मी लावलेत. ऑइलही मीच बदललंय. सगळंच मी केलंय. त्याला पेट्रोलच्या गाडीतलं काही कळत नाही, तो पहिल्यापासून सांगतोय. तो नुसता टॉर्च धरून उभा होता."

हरिश्चंद्राच्या हातात प्लग तसाच राहिला. एवढं मोठं भाषण बसमधून आणलेलं, त्यातलं एक वाक्य कामाला येईना.

"पडला तेव्हा काय केलंस?" त्याने कसंबसं विचारलं.

"तुम्ही करायचात तेच. उचलला, पुसला, कपाळाला लावला आणि बसवला."

खरं होतं. हत्यार असो की सुटा भाग, खाली पडलं की कपाळाला लावायची त्याची सवय. पण त्यानंतर तो पाठ फिरवून उन्हाकडे वळायचा आणि गेजची पातळ पट्टी घालून फट मोजायचा, ते पोरीने कधी बघितलंच नव्हतं. बघणार कशी? टॉर्च सोडून जागेवरून हलायची तिला परवानगी नव्हती.

"आधी मला फोन का नाही केलास?"

"केला असता तर तुम्ही मिळेल ती बस पकडून आला असता," रुचिता म्हणाली, "आणि मी परत टॉर्च धरून उभी. मला गाडी चकाचक करून तुमच्या दारात आणायची होती. म्हणणार होते, आता चालवून बघा. तर ही अशी झटके मारायला लागली."

शेवटी तिचा आवाज कापला. इतके दिवस हरिश्चंद्र ज्याच्यावर जळत होता, त्या कार्लने त्याचं काही घेतलंच नव्हतं. आणि तरी, लाज वाटली तरी, जळणं थांबेना. आपल्या पोरीने पहिल्यांदा इंजिन उघडलं, तेव्हा शेजारी हा उभा होता. तिने पाना हातात कसा घेतला, पहिला प्लग सुटला तेव्हा काय म्हणाली, तीही जीभ दातांत धरते का, हे सगळं याने बघितलं. आपण तेव्हा भाईंदरला टीव्ही बघत बसलो होतो.

त्याने पेटीतून गेज काढलं आणि प्लगसकट तिच्या हातात दिलं. "प्लगची पट्टी हळूच वर उचल. जोर नको लावूस. गेज घासून गेलं पाहिजे, अडकलं नाही पाहिजे." तिने फट उघडली, मोजली, पुन्हा मोजली. त्याचे हात शिवशिवत होते. ते त्याने पाठीमागे बांधून ठेवले.

ती पाना घेऊन वाकली तेव्हा तो जावयाकडे वळला.

"आणा तो टॉर्च इकडे."

कार्लने टॉर्च दिला. "मी चा टाकतो," म्हणाला आणि आत गेला.

हरिश्चंद्राने उजेड तिसऱ्या भोकात धरला. रुचिताने प्लग आत सोडला, आधी नुसत्या हाताने फिरवला आणि मग पान्याने आवळायला घेतला. बरोबर करत होती. घाई नाही, जबरदस्ती नाही. पाना फिरवताना तिने जीभ दातांत धरली.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "उजेड इंजिनात. माझ्या तोंडावर नको."