सुपडूची सव्वा मूठ

"टोपली परत लई जाय, गायत्री. आठे मूठ भरानी नही शे."

सिंधुबाईने हे ओट्यावर बसून, तवा घासता घासता सांगितले. मान वर केली नाही. खाली गल्लीत गायत्री उभी होती. एका कमरेवर गव्हाची टोपली, दुसऱ्या हातात कोरे सूप. भाऊकीतल्या थोरल्या भिला आबांची ही नातसून, लग्नानंतरची तिची पहिलीच कानबाई. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून तिने पदर सारखा केला.

"पन मोठी माय, आबानीच धाडं माले. मोठा बाबासले येता येत नही ना, म्हनीसन."

"त्यासले येता येस. वाट नही शे. जाय, आबासले तसंच सांग."

गायत्री गेली. जाताना दोनदा मागे वळून पाहिले, पण सिंधुबाई तव्यालाच चिकटून होती. तवा मघाशीच स्वच्छ झाला होता.

श्रावणातला शनिवार होता आणि उद्या भाऊकीची कानबाई देवी बसायची होती, भिला आबांच्या घरी. आमच्या भाऊकीत रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू मापाने घेत नाहीत, माणसाने घेतात. प्रत्येक पुरुषाने गव्हात हात घालायचा, एक मूठ सुपात टाकायची आणि वर पाव मूठ. म्हणजे सव्वा. बायकांची मूठ धरत नाहीत; बायकांनी फक्त निवडायचे, दळायचे, मळायचे आणि भाजायचे. सुरत-पुण्याला असलेल्यांच्या नावाने आबा टाकतात. पण जो गावात आहे त्याने कानबाईच्या दारी येऊन स्वतःच्या हाताने टाकायची. सगळ्यांच्या मुठी पडल्याशिवाय दळण चक्कीवर जात नाही, आणि दळण नाही तर रोट नाही. आबांनी सिंधुबाईच्या नवऱ्यासाठी, सुपडूसाठी, हा नियम वाकवला होता, सूपच त्याच्या घरी पाठवले होते. कोणालाही वाटले असते, केवढा हा समजूतदारपणा. सिंधुबाईला तसे वाटले नाही. तिला तो तोंडावर आपटलेला दरवाजा वाटला.

आतून खाटेवरून आवाज आला. लकव्याने सुपडूचे शब्द जड झाले होते, तरी सिंधुबाईला ते सगळे कळत.

"सिंधू, जाऊ दे ना वं. मूठभर गहूसना वरथून कसाले वाद?"

"तुम्ही चूप बठा. दिवाईपाईन जाऊच दी ऱ्हायनू मी."

सुपडूने उभी हयात उसाचे ट्रॅक्टर चालवले. दोन ट्रॉल्या मागे लावून कारखान्याच्या गेटात असा वळायचा की लोक बघत राहत. दोन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली. घर जुने, ओटा छातीएवढा उंच, दगडी पायऱ्या उभ्या आणि अरुंद, खाली लगेच गटार. त्यामुळे चाकाच्या खुर्चीचा रस्ता एकच होता: मागचे दार, परसातून घराच्या कडेची बोळ, बोळीतून गल्ली. रोज संध्याकाळी सिंधुबाई त्याला त्या बोळीतून बस थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर नेऊन ठेवायची. तिथे बसून तो येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांना अर्ध्या तोंडाने शिव्या द्यायचा, गिअर कसा टाकतो म्हणून. ड्रायव्हरही मुद्दाम गिअर करकरवायचे. तेवढ्यावर तो दुसऱ्या संध्याकाळपर्यंत खूश असे.

दिवाळीनंतर शेजारच्या नवनीतने मुलासाठी वर मजला चढवला. नवनीत हा सुपडूचा चुलत भाऊ. मुलगा हेमकांत, नवी सून रिना, त्यांना वेगळा जिना पाहिजे. जिना आत घेतला असता तर बैठकीची खोली अर्धी झाली असती. म्हणून तो बाहेर आला, विटांचा, सिमेंटचा, थेट सुपडूच्या बोळीत. सिंधुबाई तेव्हा कळसाडीला, लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. परत आली तेव्हा पायऱ्यांना पाणी मारणे चालू होते.

ती भांडली. पंचायतीत गेली. शहाद्याला बसने खेपा घालून मोजणी आणवली. मोजणीत काही वादच निघाला नाही. बोळ सगळी सुपडूची, जिना सगळा बोळीत. टेपचे एक टोक तर खुद्द नवनीतनेच धरले होते. "हा, शे तुमनी," तोही म्हणाला. मग पंचायतीने सांगितले, घरातली गोष्ट आहे, आपसात मिटवा. आपसात म्हणजे सिंधुबाईने गप्प बसायचे, एवढा त्याचा अर्थ सगळ्या गल्लीला कळला होता.

एकदा गल्लीतल्या चार पोरांनी सुपडूला पुढच्या दाराने उचलून नेले. पायऱ्यांवर पोरांचे पाय अडखळले, हात निसटले, आणि नळावरच्या बायकांसमोर त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत उतरला. कोणी हसले नाही. हसले असते तरी बरे झाले असते. त्या दिवसापासून सुपडू खाटेवरून उतरला नाही. रस्त्याने जाणारा ट्रॅक्टर आवाजावरून ओळखायचा आणि भिंतीकडे तोंड करून कोणाचा आहे ते पुटपुटायचा. सिंधुबाईला ते ऐकवत नसे.

गायत्री जाऊन घटकाभरही झाली नसेल, तोच नवनीत आला. नवा सदरा, कपाळाला गंध. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सिंधुबाईचे काम सोपे झाले असते.

"वहिनी, हाई काय लायं? हातभर जागा शे. हातभर जागावरथून तुम्ही कानबाईले आडावतस?"

"हातभरच शे, मंग सोडी द्या."

नवनीतने आत खाटेकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "दादाले झटका उना तवय कोन धावनं व्हतं? मीच लई गयथू ना शहादाले, मन्ही गाडीमा? डॉक्टर काय बोलना व्हता? जरा उशीर व्हता ते मानूस हाते नही लागता. इसरी गयात का?"

ही गोष्ट तो प्रथमच बोलला होता. पण विटेवर वीट चढत होती तेव्हापासून ती त्याच्या मनात असणार, हे सिंधुबाईला आता कळले. त्याने हिशेब आधीच लावून ठेवला होता.

"नही इसरनू. जिवत शे तठलोंग इसरनार बी नही. तुम्ही त्यासले वाचाडं. पन वाचाडेल मानूसले घरमा कोंडाले वाचाडं का?"

नवनीत उभ्या उभ्या खांबावरचा रंग नखाने खरवडू लागला. मग म्हणाला, "आबाच येतीन आते," आणि निघून गेला.

आबा आले. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, धोतर स्वच्छ, आणि पुढे ते पोट, ज्याच्यावरून भाऊकीत पिढ्यान्पिढ्या थट्टा चालत आली आहे. मागे नवनीत, त्याची बायको शीला, आणि काय होते ते बघायला निम्मी गल्ली. सिंधुबाईने डोक्यावर पदर घेतला, ओट्यावरून उतरली आणि आबांच्या पाया पडली. त्यानंतर मात्र तशीच उभी राहिली.

"बाई," आबा म्हणाले, "बाया चक्कीवर जावाकरता बठी ऱ्हायन्यात. तुन्हा नवनीतसंगे काय शे ते शे. कानबाईले मझार कसाले लई उनीस?"

"मी नही लई उनू आबा. तुम्हीच सांगतस ना, गावमा शे त्यानी सोता येवाना. मन्हा मानूस गावमा शे. सुरतले नही गया."

"अवं, पन तो आजारी..."

"आजारी शे, पन हात नही तुटना त्यासना. मागला साल मी त्यासले तुमना दारशी लई उनू व्हतू. याच बोळमाईन. औंदाबी लई येसू. फक्त तुम्ही एकदाव या बोळमाईन मांगना दारलोंग चाली दखा. मंग जे सांगशात ते करसू."

आबांना ही अट बायकी हट्टाची वाटली असावी. पण गल्ली बघत होती. ते बोळीत शिरले. जिन्याच्या खालच्या पायरीशी पोचले, काठी आधी पलीकडे घातली, मग आडवे झाले, मग श्वास घेतला. पायरी आणि भिंत यांच्यामध्ये आबांचे पोट बसले ते बसलेच. कोणीतरी पोर फसकन हसले. शीलाने तोंडाला पदर लावला. नवनीतने पुढे होऊन आबांना हाताला धरून मागे ओढले तेव्हा धोतरावर भिंतीचा चुना लांबच लांब लागला होता.

आबांनी चुना झटकला नाही. ते बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिले. बोळ आपली नाही, वाद आपला नाही, म्हणून ते आजवर कधी इथे आलेच नव्हते.

"नवनीत, आठेथून खुर्ची कशी निंघी रे?"

"आबा, पुढला दारथून चार जन उचली लेतीन ना. मी सोता धरस."

तेवढ्यात आतून, खिडकीतून, सुपडू बोलला. जड, तुटक, पण गल्लीतल्या शेवटच्या माणसाला समजेल असे.

"चार जनसना खांदावर मी एकदावच जासू. आते नही."

शीला सगळ्यात आधी रडली. ती वळली आणि घरात गेली. आबांनी काठी जमिनीवर टेकली.

"सब्बल कोनाकडे शे?"

"मन्हाकडे शे," नवनीत म्हणाला. कोणाकडे न बघता त्याने नवा सदरा काढला, ओट्यावर ठेवला आणि आत गेला.

पहारीचा पहिला घाव जिन्यावर पडला तेव्हा वरच्या गच्चीतून रिना वाकली. "बाबा, आम्ही खाले कसं उतरूत?" तिच्यामागे हेमकांत झोपेतून उठल्यासारखा उभा. आता मात्र सगळी गल्ली मोकळेपणाने हसली.

"मन्हा परसमा बांबूनी शिडी शे," सिंधुबाई म्हणाली. "लई जावा. मझारला जिना व्हस तठलोंग वापरा."

नवनीतने सब्बल थांबवली, तिच्याकडे पाहिले आणि मान हलवली. मग पुन्हा घाव घालू लागला. थोड्या वेळाने हेमकांत शिडीने उतरला आणि त्याने बापाच्या हातातून सब्बल घेतली.

घरात सिंधुबाईने वाटीत पाणी घेतले, साबण घेतला, खाटेच्या कडेला बसली आणि सुपडूची दाढी करायला लागली. भिंतीपलीकडे विटा पडत होत्या. प्रत्येक घावाला वाटीतले पाणी हलत होते. सुपडूचा डावा डोळा भरून आला. उजवा तसाही सारखाच गळत असे.

"मिशीले हात नको लावजो," तो म्हणाला.

"तुमनी मिशी काय मी पयलेदाव दखी ऱ्हायनू?"

"आनि टोपी?"

"धुईसन ठेयेल शे. दिवाईपाईन."

"तुले खात्री व्हती?"

"नही," ती म्हणाली. "पन टोपी धुवाले काय लागस?"

ऊन कलले तेव्हा खालच्या पायऱ्या गेल्या होत्या. वरचा जिना अधांतरी लोंबत होता, कानबाई उठली की मंगळवारी तोही काढायचा ठरले. सिंधुबाईने मागच्या दारातून खुर्ची काढली. पांढरा सदरा, पांढरी टोपी, गुळगुळीत गाल. बोळीत विटांचा चुरा होता, चाके त्यावरून करकरत गेली. जिथे पायरी होती तिथे नवनीत भिंतीला पाठ लावून उभा राहिला, केसांत सिमेंटची धूळ. सुपडूने डावा हात वर केला, सिंधुबाई थांबली.

"चक्का जाम व्हयेल व्हता," सुपडू म्हणाला. "निंघना."

नवनीत हसला की काय ते धुळीमुळे कळले नाही. तो खुर्चीच्या मागोमाग चालू लागला.

आबांच्या ओसरीत बायका चाळण्या घेऊन ताटकळत बसल्या होत्या. मधोमध गव्हाची टोपली, शेजारी नवे सूप. सगळ्यांच्या मुठी पडल्या होत्या, राहिल्या होत्या फक्त दोन, एक सुपडूची आणि एक नवनीतची. गायत्रीने टोपली उचलून सुपडूच्या मांडीवर ठेवली आणि सूप स्वतः धरले.

"डावा बी चाली," आबा म्हणाले.

सुपडूने मान हलवली. त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरला, उचलला आणि गव्हात नेऊन ठेवला. तो हात तिथे नुसता पडून राहिला. मग डाव्या हाताने त्याने तळव्यावर गहू ओढले आणि एकेक बोट वाकवायला घेतले. करंगळी वाकली, अंगठा सुटला. अंगठा धरला, गहू निसटले. त्याने पुन्हा गहू ओढले. खुर्चीच्या मुठींवर सिंधुबाईचे हात घट्ट झाले. धावून जाऊन ती मूठ आपल्या हातात धरावी असे तिला फार वाटले, पण ती हलली नाही. मागे नवनीत हात धुऊन, ओलेच हात घेऊन, आपली पाळी यायची वाट बघत होता. कोणी दुसरीकडे बघत नव्हते.

मूठ सुपावर आली आणि उघडली. थोडेसे गहू पडले.

आबा वाकले. त्यांनी सुपात पाहिले, नीट, जसे दर वर्षी प्रत्येकाच्या मुठीला पाहतात तसे.

"भरनी," ते म्हणाले. "आते पाव."

सुपडूने पुन्हा डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि गव्हात घातला.