उकळलेला पु-अर
माहा हात आधी चालते अन् डोकं मागून येते, हे साऱ्या अहेरीले माहीत आहे. बसस्टँडसमोर वीस वर्षापासून माही चहाची हाटेल आहे. दारू पिऊन आलेल्या कितीकाले मीनं बाकड्यासकट बाहेर काढलं आहे.

जिशान माहा लहाना भाऊ. माय मेल्यावर मीनंच वाढवला. आता सव्वीस वर्षाचा, कलकत्त्यात एका चहाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात पोते उचलते. पन नाक असं की डबा उघडल्याबरोबर चहा कोन्त्या सालचा ते सांगते. ईदनंतर त्याची परीक्षा होती. पास झाला तं चव घेनारा साहेब, नाई तं जिंदगीभर पोते.

रमजानात तो घरी आला, सरावासाठी चीनच्या डोंगरातल्या चहाची एक चकती घेऊन. गोवरीसारखी थापलेली. नाव म्हने पु-अर, तोही कच्चा, औंदाचाच. रोजा सोडून, जेवन झालं की तो झाकनाच्या इवल्याशा वाटीत चिमूटभर पत्ती टाके, उकळतं पानी ओते अन् पयलं पानी फेकून दे. दुसरं दहा मोजेपर्यंतच ठेवे. मंग सुर्रकन ओढून जिभेवर फिरवे. मलेही पाजला. आधी कडूकडू, मंग गिळल्यावर घशात गोडवा आला, खरंच.

"आपा, हा उकळाचा नाई, अन् रिकाम्या पोटी तं बिलकुल नाई," तो म्हनला. "तुह्या चहासारखा शिजवला तं मानूस आडवा होईन."

शिजवला! माह्या चहाले शिजवला म्हनते? आंगाची लाही लाही झाली माह्या.

दुसऱ्या दिवशी इफ्तारले अकरममामू अन् मोहल्ल्यातले दहाबारा लोक हाटेलीत होते. जिशान मागं नळावर नमाजीआधी हातपाय धून, वजू करून राह्यला होता. त्याले दाखवाच म्हनून मीनं अर्धी चकती फोडून भगोन्यात टाकली होती. अद्रक, दूध, साखर घालून अर्धा घंटा खदखदा उकळली होती. लोकायनं खजूर तोंडात टाकली अन् वरून गिलासभर चहा. कडू लागला, पन माह्या, सलीमाच्या, चहाले नाव ठेवाची कोनाची हिंमत? मामू तं दोन गिलास प्याले.

नमाजीले उठाच्या आत मामूले दरदरून घाम फुटला. पोट धरून ते खाली पडले अन् ओकले. मंग फारूक दर्जी ओकला, मंग आनखी दोघं.

"जहर! चहात जहर घातलं!" फारूक बोंबलला. "कोनं आनला हा चहा?"

जिशान धावत आला. त्यानं भगोन्यावर नाक नेलं अन् माह्याकडे पाह्यलं. "आपा, तूनं हा उक..."

त्याचं बोलनं पुरं व्हाच्या आत माह्या हातातली लोखंडी सांडशी त्याच्या कपाळावर बसली होती. "तूनंच आनला हा चहा, मुडद्या!" तो मागं कोसळला, डोकं ओट्याच्या काठावर आदळलं. मंग लोक तुटून पडले. फारूकनं बरगड्यात लाता घातल्या, एकानं बाकड्याची फळी उपटली. मामू पडल्या पडल्या ओरडून राह्यले होते, "सोडा रे त्याले," पन आयकते कोन? अन् मी सांडशी घेऊन उभी. मीनंच उकळला, एवढं बोलाले माही जीभ रेटली नाई.

ओकनारे सारे घंट्याभरात उठून बसले. जिशान तेरा दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात होता. चहा मीनं उकळला हे कोनालेच त्यानं सांगतलं नाई. डॉक्टरनं मले बाजूले घेऊन सांगतलं, वासाची नस तुटली असन, परत येईन का नाई ते सांगता येत नाई. तेही मी त्याले बोलली नाई.

परीक्षेले चार दिवस होते, तवा त्यानं उरलेल्या चकतीचा चहा केला. वाटी नाकाले लावली. वाटी धुतली, नवीन पत्ती घेतली, पुन्हा लावली.

"आपा, तू पाह्य. वास येते का तुले?"

ओल्या पाल्याचा, धुराचा वास साऱ्या हाटेलीत भरला होता. मले खरं बोलाचं होतं, अल्ला कसम. पन तोंडातून निंगालं, "नाई बापा. पत्तीच मेली असन."

तो हसला. टाके तनले तरी हसला. "बरं झालं आपा! मले वाटलं, नाकच गेलं माहं."

सकाळी कलकत्त्याले परीक्षेसाठी जाले बल्लारशाच्या बसमध्ये मीनंच त्याले बसवून देल्लं.