एक सोडून

मित्रांनो, माझा पहिला इंच तुटलेला आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही हळहळायला नको. मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. दोन फुटांची, चार घड्यांची. पिवळ्या टणक लाकडाची, पितळी बिजागऱ्यांची. ज्या कारागिराने मला घडवले त्याने माझ्या अंगावर रेघा अशा कोरल्या आहेत, की डोळे मिटून नख फिरवले तरी कळाव्यात. शाई उडाली, रंग उडाला, पण रेघा अजून आहेत.

एका तरुण सुताराने मला घेतले त्या दिवसापासून मी त्याच्या खिशात आहे. पुढे तो गोदीत कामाला लागला, जिथे जहाजे बांधतात. आधी हाताखाली, मग बाकावर, मग सुतारखात्याचा मिस्त्री. जहाज लोखंडाचे असते हे खरे. पण माणूस लोखंडावर झोपत नाही, मित्रांनो. त्याला पलंग लागतो, कपाट लागते, खिडकीला चौकट लागते. ते सगळे आम्ही करायचो. 'आम्ही' म्हणताना मी स्वतःलाही धरते, कारण करवत नंतर चालते, आधी मी चालते.

आता माझ्या इंचाची गोष्ट. एकदा भिंतीला टेकवलेली एक जड पडदी, म्हणजे खोल्यांमधली लाकडी आडभिंत, सरकली. खाली एका सोबत्याचा हात होता. मिस्त्रींच्या हातात तेव्हा मीच होते. त्यांनी मला तशीच फटीत खुपसली. माझा पहिला इंच कडकन मोडला, पण तेवढ्या क्षणात सोबत्याने हात काढून घेतला. एका बोटाच्या बदल्यात एक इंच. सौदा वाईट नव्हता. त्या दिवसापासून त्या सोबत्याला सगळे 'बोटवाला' म्हणू लागले.

नवी पट्टी घ्या, असे मिस्त्रींना पुष्कळांनी सांगितले. ते म्हणाले, "हिनं काम सोडलेलं नाही, मग मी हिला का सोडू?" माझे टोक आता शून्यावर नव्हते, एकावर होते. म्हणजे टोकापासून मोजले आणि वीस दिसले, तर खरे माप एकोणीस. दुसऱ्या कोणी मला हातात घेतले, की बाकाबाकावरून ओरडा व्हायचा, "एक सोडून!" नवा माणूस दचकायचा, मग हसायचा आणि जन्मभर विसरायचा नाही. अकरा वर्षे मी अशीच मोजत होते. अकरा वर्षांत एक दार वाकडे बसले नाही, एक फळी वाया गेली नाही. ज्यांचा पहिला इंच शाबूत आहे, त्या पट्ट्यांनी असे छातीठोक सांगून दाखवावे.

मग गोदीत सगळ्यांत मोठे काम आले. प्रवाशांचे नवे जहाज. नऊ मजल्यांचे, गच्चीवर पोहण्याचा तलाव असलेले. त्याबरोबर नवे साहेबही आले. त्यांच्याकडे मोजायचे यंत्र होते. कळ दाबली की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि यंत्रावर आकडा उमटायचा. कामगारांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचे बारसे केले, 'ठिपकेसाहेब'. साहेब मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांना घाई फार होती, आणि जुन्या वस्तूकडे पाहताना ते नाक उगाच वर करायचे.

एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी बाकावर पडले होते. ठिपकेसाहेब आले, यंत्राची कळ दाबली, पुन्हा दाबली, यंत्र आपटले. बॅटरी संपली होती. कपाटाच्या दाराचा फर्मा कापायला द्यायचा होता. फर्मा म्हणजे तो पहिला तुकडा, ज्याच्यावरून पुढचे सगळे कापतात. साहेबांनी इकडेतिकडे पाहिले, मला उचलले, माझे टोक फळीच्या कडेला लावले आणि विसावर पेन्सिलीची खूण केली.

त्या दिवशी 'एक सोडून' म्हणायला खात्यात कोणीच नव्हते. मी होते, पण मला तोंड नाही.

साठ दारे कापली गेली. साठही दारे तोकडी निघाली. वरून माणसे आली, चौकशी झाली. फर्मा कुठल्या बाकावरचा? मिस्त्रींच्या. पट्टी कोणाची? मिस्त्रींची. "अहो, पट्टी तर मोडकी आहे! आणि यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय ना?" ठिपकेसाहेब बाजूला उभे होते. त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनी आपणहून सांगितले नाही. एवढेच त्यांनी केले, पण ते पुरेसे झाले.

मिस्त्रींना दुसऱ्या दिवसापासून घरी बसायला सांगितले. त्या दिवशी त्यांनीही पुष्कळ खुणा केल्या होत्या, त्यामुळे ही खूणही आपलीच असे त्यांना वाटले; दारे किती चुकली, कशी चुकली, हे त्यांना कोणी दाखवलेही नाही. उरलेले काम बाहेरच्या माणसांना दिले. मिस्त्रींनी घरी येऊन रंधा, पटाशी, करवत सगळे एका पोत्यात बांधले आणि पोते माळ्यावर टाकले. मला मात्र त्यांनी खिशातच ठेवले. घरातली खिडकी लागेनाशी झाली, तेव्हा ते बायकोला म्हणाले, "दुसऱ्या सुताराला बोलाव. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

मित्रांनो, मी मोडले तेव्हा मला जेवढे दुखले नव्हते, तेवढे ते वाक्य ऐकून दुखले. चूक त्यांची नव्हती, हे मला माहीत होते. आणि मी त्यांच्याच छातीशी, त्यांच्याच खिशात, मुकी बसले होते.

मग एक पत्र आले. नवे जहाज पहिल्यांदा निघणार होते. गोदीत तीस वर्षे काम केलेल्या प्रत्येकाला घरच्यांसह तीन दिवसांची सफर. कोणा कारकुनाकडून यादीतून मिस्त्रींचे नाव काढायचे राहून गेले असावे.

"मी त्या जहाजावर पाय ठेवणार नाही," मिस्त्री म्हणाले.

त्यांची बायको शिवणकाम करायची. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून तिने उशीत टोचल्या आणि मग म्हणाली, "नका ठेवू. मी ठेवते. तीस वर्षं डबे मी भरलेत. आणि लोक विचारतील, मिस्त्री कुठंयत, तर सांगीन, तोंड लपवून बसलेत."

मिस्त्री आले.

जहाजावर चढताना पहारेकऱ्याने खिसे तपासले आणि मला उघडून पाहिले. "आजोबा, ही तर मोडकी आहे."

"मोडकी नाही," मिस्त्री म्हणाले. "अनुभवी आहे."

पुष्कळ दिवसांनी मी त्यांना फिरकी घेताना ऐकले. लेक मात्र कुजबुजली, "बाबा, ती कशाला आणलीत? तीन दिवस आनंदात घालवू या ना."

आणि खरोखर आनंदच होता, खोटे कशाला बोलू? जहाज पांढरेशुभ्र, नुकते धुऊन वाळत घातल्यासारखे. जिने होते, लिफ्ट होती, गच्चीवर घसरगुंडी होती. नात त्या घसरगुंडीवरून इतक्या वेळा आली, की शेवटी तिच्या चड्डीची शिवण उसवली. जावई बंदर सुटताना म्हणाले, "मला काही लागत नाही हं समुद्र." आणि तासाभरात पिवळे पडून आडवे झाले, ते दुसऱ्या दिवशी सरबतापुरते उठले. फक्त मिस्त्री कठड्याशी उभे राहायचे आणि पाण्याकडे पाहायचे. जहाजाच्या आत पाहायचे ते टाळत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे नवराबायको खोलीत होती. मिस्त्रींच्या बायकोने, म्हणजे नातीच्या आजीने, कपाट उघडले आणि ती थबकली.

"अगं बाई! दाराला ठिगळ?"

कपाटाच्या दाराला एका कडेने लाकडाची फिकट पट्टी चिकटवलेली होती. रंग लावून झाकली होती, पण शिवणाऱ्या बाईच्या नजरेतून जोड सुटतो काय?

"असू दे," मिस्त्री पाठ फिरवून म्हणाले. "माझंच पाप आहे ते. प्रत्येक खोलीत असेल."

त्या घरात एक नियम होता. तिच्या कात्रीला त्यांनी हात लावायचा नाही, त्यांच्या पट्टीला तिने लावायचा नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तो कधी मोडला नव्हता. त्या दुपारी आजीने खुंटीवरच्या कोटातून मला सरळ बाहेर काढले आणि ठिगळ सोडून उरलेल्या दारावर धरले.

"वीस," ती म्हणाली. "किती पाहिजे होतं?"

"वीसच."

"मग बरोबर तर आहे! उगाच घालवलं तुम्हाला."

"वीस असतं तर ठिगळ कशाला लावलं असतं? नीट बघ."

"मला काय सांगता? तुमचीच पट्टी बोलतेय."

मिस्त्री वळले. "धरलीस कुठून?"

"टोकापासून. आणखी कुठून धरतात? शेपटीपासून?"

"अगं, ती एकापासून सुरू होते. एक सोडून..."

आणि ते थांबले. जहाज हलकेच डुलत होते, कपाटाचे दार उघडझाप करत होते, पण मिस्त्री जागचे हलले नाहीत. मग त्यांनी मला हातात घेतले. त्यांच्या बोटांची पकड मला ओळखीची वाटली. ती गोदीतली पकड होती. त्यांनी दार मोजले, एकोणीस. ठिगळ मोजले, बरोबर एक.

"माझ्या खात्यातला माणूस ही चूक करूच शकत नाही," ते हळू म्हणाले. "मीही नाही. झोपेतसुद्धा नाही. ही त्याची चूक आहे, ज्यानं हिला पहिल्यांदाच हातात घेतलं. तेही आसपास ओरडायला कोणी नसताना. आणि तेव्हा खात्यात नवा माणूस एकच होता, साहेब."

"म्हणजे तुम्ही नव्हे?"

"मी नव्हे."

आजी पलंगावर बसली. "मग घरची खिडकी आधी नीट करा," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या दालनात चहा होता. सगळे जुने कामगार घरच्यांसह बसले होते. ठिपकेसाहेब, जे आता आणखी मोठे साहेब झाले होते, एकेकाला बोलावून आठवणीची भेट देत होते. मिस्त्रींचे नाव वाचताना ते क्षणभर अडखळले.

लेकीने बापाचा कोट धरला. "बाबा, सगळ्यांच्या समोर नको."

"मला घालवलं ते सगळ्यांच्या समोरच, पोरी." त्यांनी तिचा हात सोडवला. ती बघत राहिली, मग उठली आणि त्यांच्यामागून चालू लागली.

साहेबांनी भेटीची पेटी पुढे केली. मिस्त्री म्हणाले, "ती ठेवा बाजूला. आधी एक माप घ्या." आणि मला त्यांच्या हातात दिले. "या खुर्चीची बैठक. रुंदी सांगा."

साहेब गोंधळले, कसनुसे हसले. पण शंभर माणसे बघत होती. त्यांनी मला उलगडले. माझे टोक खुर्चीच्या कडेला लावले, अगदी त्या दुपारसारखे.

"अठरा," ते म्हणाले.

मागच्या टेबलावरून बोटवाला उभा राहिला. आपली पाचही बोटे वर करून तो ओरडला, "एक सोडून!"

आणि मग सगळे सुतारखाते उठले. पांढऱ्या केसांची, वाकलेल्या पाठींची तीस माणसे. "एक सोडून!" दालनातल्या कपबशा थरारल्या. मित्रांनो, मला तोंड नाही असे मी म्हणाले होते ना? त्या दिवशी मला तीस तोंडे होती.

"सतरा, साहेब," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "आता सांगा, ती साठ दारं विसाऐवजी किती भरली होती?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या मोडक्या टोकावर, जिथे एकाचा आकडा आहे, तिथे अंगठा ठेवला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"एकोणीस," ते पुटपुटले. "खूण मी केली होती. माझ्याकडून झालं."

"मोठ्यानं बोला. माझ्या बायकोला कमी ऐकू येतं."

"मला चांगलं ऐकू येतं!" आजी टेबलावरून म्हणाली. "पण होऊ दे पुन्हा एकदा."

साहेबांनी पुन्हा सांगितले, मोठ्याने. कोणी हसले नाही. मला वाटते, त्या माणसालाही तेव्हा हलके वाटले असेल. ते म्हणाले, मिस्त्रींनी कामावर परत यावे. आणि ही पट्टी काचेच्या पेटीत घालून जहाजाच्या दारात लावू, सगळ्यांना बघायला मिळेल.

"मी येईन," मिस्त्री म्हणाले. "साठ ठिगळं काढून साठ नवी दारं करायला. माझी माणसं माझ्यासोबत. पण पट्टी काचेत जाणार नाही. दारं काय माझ्या नाकानं मोजू?"

घरी आल्यावर पोते माळ्यावरून खाली आले. आधी घरची खिडकी नीट झाली, मग दारे सुरू झाली. काल एकेचाळिसावे बसवले. कडेला कागद सरकणार नाही असे बसले.

तर मित्रांनो, मला जपा असे मी तुम्हाला म्हणणार नाही. मऊ कापडात गुंडाळू नका, भिंतीवर टांगू नका, 'बिचारी' तर मुळीच म्हणू नका. मला वापरा. तुमच्या घरातही कोणी माझ्यासारखे असेल, वस्तू असेल नाहीतर माणूस, ज्याचा थोडा भाग कुठल्याशा कामात खर्ची पडला आहे. त्याला मोडके म्हणायच्या आधी एवढेच विचारा, की बाबा, तू कुठून सुरू होतोस? मी एकापासून सुरू होते. विचाराल तर खरे माप देईन. विचारणार नसाल तर मला हात लावू नका.

बेचाळिसावी फळी बाकावर आली आहे. मिस्त्री हात पुढे करताहेत. मला आता जायला हवे.