विठाबाईचा रोहू

मासळीबाजारात शिरलं की चांगुणा आधी माश्या बघायची आणि मग मासे. ज्या पाटीवर माश्या घोंघावत असतील ती तिच्या लेखी बाद. विठाबाईच्या रोहूवर मात्र एकही माशी बसत नसे, म्हणून बाकीच्या बायका हाका मारत राहिल्या तरी ती थेट तिच्याकडेच जायची. एवढ्या चोखंदळपणाला कारण होतं. उभा जन्म एसटी चालवलेले तिचे यजमान, कारभारी, अंथरुणाला खिळले होते, आणि डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन 'आता फार दिवस नाहीत, आवडेल ते खाऊ घाला' असं सांगत असताना तिने दाराआडून ऐकलं होतं. त्यांना रोहूचं कालवण आवडायचं. सगळे तुकडे त्यांच्याच ताटात पडत. ती स्वतः भाजी-भाकरीवर भागवायची.

कालवण सुरू झालं आणि कारभारींचं झडत चाललेलं अंग जिथल्या तिथे थांबलं. थंडी गेली, दिंडोरीची द्राक्षं बाजारात आली आणि संपलीसुद्धा, पण ते होते तसेच राहिले. डॉक्टर चक्रावले. चांगुणाने आनंदाच्या भरात आळीभर पेढे वाटले. घरी येऊन दाढी करणारा झुंबर एकदा वस्तरा परत पेटीत ठेवत म्हणाला, काकांची दाढी वाढतच नाय, मी उगाच कशाला हेलपाटा घालू? तेव्हा ती हसली. नखंही कापावी लागत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही.

मग आंब्यांचे दिवस आले आणि घरात माश्यांचा सुळसुळाट झाला. कोयींवर, ओट्यावर, तिच्या ओल्या हातांवर त्या बसत. कारभारी दुपारी तोंड उघडं टाकून झोपत, त्यांच्या खाटेकडे मात्र एकही फिरकत नसे. चांगुणा हातात टॉवेल घेऊन उशाशी बसून राही, आणि हाकलायला काही नाही हे बघून त्यांच्या नाकाशी बोट धरून श्वास बघे.

त्याच सुमारास पुण्याहून मुलाचा, संघर्षचा, फोन आला. त्याने मोबाईलवर बातमी वाचली होती.

"आई, मढी टिकवायला वापरतात ते औषध मासळीवर फवारतात म्हणे. तो रोहू आधी बंद कर."

मुलगा सांगतो ते भल्यासाठीच, असं म्हणून तिने बंद केला. मेथी झाली, मुगाचं वरण झालं. काही दिवसांनी कारभारींच्या गालावर पांढरे खुंट दिसले. तिने त्यावरून हात फिरवला तेव्हा तिला रडूच आलं. आनंदाचं की भीतीचं, ते तिचं तिलाही कळेना. त्याच दुपारी एक माशी आली आणि त्यांच्या खालच्या ओठावर बसली. तिने टॉवेल झटकला. माशी उडाली आणि पुन्हा तिथेच बसली. मग दुसरी आली.

"आज कालवण नाही का गं?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

तिने खुंटीवरची पिशवी घेतली आणि चपला न घालताच रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. बाजारात विठाबाई खुशीत होती. मध्यंतरी तपासणी झाली, आता औषधाचा माल घेतच नाय, सगळा ताजा, असं ती आपणहून सांगू लागली.

चांगुणा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "त्यातला एखादा राहिला असेल बघ ना, विठाबाई. कसाही चालेल."

 विठाबाईने पाटीवरचं ओलं पोतं बाजूला सारलं. प्रत्येक रोहूच्या डोळ्यावर माश्या बसल्या होत्या.