पाचांतला एकच 'क'

मित्रांनो, आधी मोजदाद. टेबलावर एक चपटा ब्रश, काळ्या रंगाचा एक डबा, एक फडकं आणि कागदांवर प्रत्येक अक्षर पाच-पाच वेळा. त्या कागदांतून माझा जन्म झाला. मी एक जुना फॉन्ट आहे, म्हणजे कम्प्युटरवर उमटणारं अक्षरांचं एक वळण.

ती अक्षरं काढणारी आत्या पाट्या रंगवायची. ब्रश अर्धा कोरडा ठेवून ओढायची, त्यामुळे रेघेत पांढरे ओरखडे राहत. तिच्या भाचीने कागद स्कॅन केले आणि पाचांतून एकेकच अक्षर निवडलं.

"आणि बाकीची चार गं?"

"सगळ्यात देखणं घेतलं ना, आत्या! बाकीची कशाला, उगाच खोगीरभरती?"

मला तेव्हाच शंका आली होती.

पुढे मी साबणाच्या खोक्यांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, नाटकांच्या जाहिरातींवर झळकलो. लोक म्हणत, "वा, हाताचं काम दिसतंय!" ही स्तुती मला कधी पचली नाही. ओरखडा दर वेळी त्याच जागी येतो, तो हात कसला? मग गुळगुळीत अक्षरांची टूम आली आणि मला कोणी विचारेना. एका न्हाव्याच्या छापील पाटीवर तेवढा उरलो: 'केशकर्तनालय'.

तिथूनच एके सकाळी मला समोरच्या नव्या बेकरीपुढे आत्या दिसली. 'केक, कडक टोस्ट' अशी पाटी तिने रंगवून आणली होती. बेकरीवाल्याने एकदा ती पाहिली, एकदा मला पाहिलं.

"मावशी, मी हातानं रंगवलेली मागितली होती. ही तर कम्प्युटरची. समोर तोच 'क' आहे."

"अहो, ते वळण माझंच आहे!"

"हो का? म्हणजे चोर तो न्हावी, आणि आम्ही आंधळे! ही माझ्या दुकानावर चढणार नाही. आणि कोणी विचारलं, तर का ते सांगणार."

गल्लीत हा बोभाटा झाला, तर आत्याला पुन्हा कोण बोलावणार? शिडी धरून उभ्या असलेल्या भाचीचा चेहरा उतरला. ती शिडी तिथेच टेकवून गेली आणि पारदर्शक कागद घेऊन आली.

"काका, संशय घ्या, पण मोजून घ्या. एकेका पाटीवरचे 'क' कागदावर उतरवा आणि एकमेकांवर ठेवा. पट्टी तुम्हीच धरा."

मित्रांनो, मला वापरा, पण 'हाताचं काम' म्हणून खपवू नका. ज्या हाताने मला वळण दिलं, त्या हातालाही काम द्या. आणि कोणाचा फॉन्ट करणार असाल, तर पाचही अक्षरं घ्या.

बेकरीवाल्याने तीच शिडी न्हाव्याच्या पाटीला लावली आणि स्वतः चढला. माझे दोन्ही 'क' त्याने उतरवून एकावर एक ठेवले. फरक शून्य.

मग आत्याच्या पाटीवरचे चार. फरक कमीत कमी दोन मिलिमीटर, जास्तीत जास्त पाच.