चाचणीच्या यादीतला एक नंबर

मी एक वही आहे. दोनशे पानांची, आकाशी पुठ्ठ्याची, पुठ्ठ्यावर पिवळ्या बदकाचं पिल्लू छापलेली. माझ्याबरोबर एकोणपन्नास बहिणी जन्मल्या. बाइंडरकाकांनी आमच्या पाठी एका ओळीत दाबल्या, डिंक सुकायला आम्हाला फळीवर ठेवलं आणि कामगारांना दोनदा बजावलं, "बाळांच्या कंपनीची ऑर्डर आहे, डाग पडता कामा नये."

ती कंपनी म्हणजे दाताच्या दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या आणि नऊ माणसं. खालून दात कोरल्याचा आवाज यायचा आणि वर झबली, टोपरी, दुपटी विकली जायची. त्यांचं एक अ‍ॅपही होतं. होणाऱ्या आईने त्यात आपला कितवा आठवडा ते भरायचं, मग दर मंगळवारी सकाळी दहाला तिला मेसेज जायचा. बाळ आता केवढं झालं, आईला काय वाटत असेल, आणि खाली हळूच, हे झबलं बघा.

माझ्या बहुतेक बहिणींवर लोकांनी चहाचे कप ठेवले. मला मात्र लिहिणारी मिळाली.

ती संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. सहा महिने कुठेतरी इंटर्नशिप केल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती. घरी तिला चिमणी म्हणत, कारण तोंडाला खळ नाही. तिचं काम म्हणजे याद्या साफ करायच्या, कोणता मेसेज किती जणींनी उघडला ते मोजायचं आणि जाहिरातीत निळं दुपटं चालतंय की पिवळं ते सांगायचं. लॅपटॉपवर सगळं होत असूनही ती आधी माझ्यावर पेन्सिलीने रकाने आखायची. "कागदावर उतरल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही," म्हणायची.

तिला एक मोठी बहीण होती, सात वर्षांनी मोठी. आई गेल्यावर चिमणीच्या वेण्या घालणारी, शाळेत सह्या करायला जाणारी ताई. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर ताईला आता दिवस गेले होते. चिमणीने आनंदाने तिचं नाव अ‍ॅपमध्ये नोंदवलं. मेसेज नीट जातात की नाही हे बघायला तिने एक वेगळी यादीही केली होती. यादीचं नाव 'चाचणी', आणि तिच्यात एकच नंबर, तोही ताईचा.

त्यामुळे ताईला सगळं दोनदा यायला लागलं. "अगं, एकाच बाळाचे दोन-दोन निरोप! जुळं आहे की काय?" ताई हसून म्हणाली.

"चाचणीची यादी आहे ती. काढते नंतर," चिमणी म्हणाली.

ते मी ऐकलं. तिने ते माझ्यावर लिहिलं मात्र नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

मेसेज कोरडे होते, औषधाच्या डबीतल्या कागदासारखे. शंभरातल्या अकरा जणी उघडायच्या. कंपनीचे सर, तिशीही न गाठलेले, काळजीने दाढी खाजवत बसायचे. मग एका रविवारी दुपारी चिमणी मला घेऊन ताईकडे गेली. ताई डाव्या कुशीवर, पायाखाली उशी घेऊन पडली होती. तिला चोविसावा आठवडा होता.

"तुला खरंच काय वाटतं ते सांग. मी लिहिते."

ताई सांगत गेली. सोळाव्या आठवड्याचं तिने सांगितलं, "ऑफिसात बसले होते, कोणीतरी टिचकी मारली. मी दचकून मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं, टिचकी आतून होती." विसाव्याचं म्हणाली, "माझ्या आवाजावर पोटातली ही बाई नाचते आणि तुझ्या भावोजींच्या आवाजावर झोपते." भावोजी शेजारच्या खोलीतून ओरडले, "ऐकतोय मी!"

"आणि पुढचे आठवडे?" चिमणीने विचारलं.

"ते अजून कुठे आलेत?"

"कल्पना कर ना."

ताईने डोळे मिटले आणि चाळिसाव्यापर्यंत सगळे आठवडे सांगून टाकले. चौतिसाव्यात आपण कशा डुलत चालू, लोक उठून जागा देतील आणि आपल्याला अवघडल्यासारखं मुळीच होणार नाही. त्या दुपारी माझी अकरा पानं भरली. इतक्या घाईने कोणी कधी माझ्यावर लिहिलं नव्हतं आणि इतकं हसत तर नाहीच.

ताईचे शब्द थोडे इकडेतिकडे करून मेसेज गेले. आता शंभरातल्या एकेचाळीस जणी उघडू लागल्या. खोलीत टाळ्या वाजल्या. सर म्हणाले, "पदवी घे आणि इथेच ये." चिमणीने एकेचाळीसभोवती गोल काढला आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

एकतिसाव्या आठवड्यात एका सकाळी ताईला हालचाल जाणवेना.

दवाखान्यात मी चिमणीच्या मांडीवरच्या पिशवीत होते. डॉक्टरीणबाई पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. मग त्यांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला. "ठोके मिळत नाहीत," त्या म्हणाल्या.

"मशीन बिघडलंय का?" ताईने विचारलं.

चिमणीने पिशवी इतकी घट्ट धरली की माझा एक कोपरा दुमडला, तो आजही सरळ झालेला नाही.

मुलगी होती. पुढचं मी सांगणार नाही.

आठवड्याने चिमणी कामावर आली. पिशवी खांद्यावरून न उतरवताच तिने अ‍ॅपच्या यादीतून ताईचं नाव काढलं, पुन्हा पुन्हा तपासलं आणि मगच खुर्चीत बसली. चाचणीची यादी तिला आठवलीच नाही. मला आठवली होती, पण वहीला कुठे बोलता येतं?

चार आठवडे गेले. महिन्याचे आकडे काढताना तिला कोपऱ्यात 'चाचणी' दिसली. मेसेज किती वेळा उघडला, तोही आकडा तिथे असतो. सवयीने ती माझ्यावर उतरवू लागली. बत्तिसावा आठवडा, नऊ वेळा. तेहतिसावा, चौदा वेळा. चौतिसावा, बावीस वेळा. पस्तिसाव्यापुढे तिने एकतीस लिहिलं आणि तिचा हात थांबला. एकच नंबर. तिने तो ओळखला.

लॅपटॉप तसाच उघडा टाकून ती निघाली. ताई इस्त्री करत होती.

"ताई, तुला अजून मेसेज येतात?"

इस्त्री थांबली नाही. "येतात."

"मग बोलली का नाहीस? मला दोन थोबाडीत मारायच्या होत्यास!"

"पहिला आला तेव्हा फोन गादीवर फेकला. तुला चांगलं फैलावर घ्यावं असंच वाटलं. मग उचलला आणि परत वाचला." ताईने शर्टाची कॉलर सरळ केली. "माझेच शब्द होते गं. त्यात ती बत्तीस आठवड्यांची होती. पुढच्या मंगळवारी तेहतीसची झाली. कुठेतरी वाढत होती."

"मी आत्ताच्या आत्ता काढते."

"नको. चाळीसपर्यंत येऊ दे. मग आपोआपच थांबेल ना?"

"नाही ताई. हे मला बघवत नाही."

"चिमणे, राहू दे म्हटलं ना."

चिमणी होकाराची मान हलवून निघाली. ऑफिसात येऊन तिने तो नंबर काढला आणि ती यादीच पुसून टाकली. तिला वाटलं, जखमेतला काटा काढला. मी तिला दोष देत नाही. चुकलेल्या माणसाला काहीतरी करून मोकळं व्हायचं असतं.

मंगळवारी साडेदहाला तिचा फोन वाजला.

"आज आला नाही," ताई म्हणाली.

चिमणी लॅपटॉपकडे वळली.

"तू काढलास?"

"ताई, परत टाकते. दोन मिनिटांत टाकते, थांब."

"आता नको," ताई म्हणाली. "आधी तो नुसता यायचा. आता तू पाठवलास म्हणून येईल."

त्यानंतर चिमणी ताईच्या घरी गेली नाही. भावोजींनी दोनदा बोलावलं. तिने दोन्ही वेळा कामाचं कारण सांगितलं.

काम होतंच. अ‍ॅप शेवटी विचारायचं, बाळ झालं का? उत्तरं दोनच, 'हो' आणि 'अजून नाही'. ती सरांकडे तिसरं उत्तर मागायला गेली.

"तुझ्या बहिणीचं ऐकलं. फार वाईट झालं," सर म्हणाले. ते खरंच कळवळले होते. "पण अशा किती असणार? शंभरात एखाददुसरी. तिच्यासाठी सगळंच बदलायचं?"

"त्या एखाददुसरीला आपण दर मंगळवारी गाठतोय, सर."

तीन वेळा नकार मिळाला. चौथ्यांदा ती काही न बोलता त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. मग ते बटण आलं. 'आमचं बाळ राहिलं नाही.' ते दाबलं की सगळे मेसेज बंद. पहिल्याच आठवड्यात त्रेसष्ट जणींनी ते दाबलं. सर तो आकडा बघून बाहेर गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

शेवटच्या दिवशी चिमणीला प्रमाणपत्र मिळालं. नोकरीला तिने नाही म्हटलं. सगळे केक कापत असताना तिने त्रेसष्टच्या खाली एक ओळ लिहिली, मला कागदात गुंडाळलं आणि जाताना भावोजींच्या चष्म्याच्या दुकानात ठेवलं. "यात ताईचं बोलणं आहे. तिचं तिला द्या." दुसऱ्याच आठवड्यात ती दुसऱ्या गावी नोकरीला गेली.

ताईने मला उघडलं नाही. कपाटात, चादरींच्या घडीखाली मी चार महिने पडून होते. एकदा तिला भावोजींशी बोलताना ऐकलं. "मला तिचा राग नाहीये हो. पण फोन उचलला की शब्दच फुटत नाही."

परवा चादर काढताना मी खाली पडले. मधली पानं मिटलेलीच राहिली, शेवटचं लिहिलेलं पान तेवढं उघडलं. ताई वाकली. आकड्यांखाली चिमणीचं अक्षर होतं. 'मी सहा महिने मावशी होते. मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही.'

ताई तिथेच फरशीवर बसली. मग तिने फोन लावला.

"चिमणे," ती म्हणाली, "तुझीही होती ना गं ती."

पलीकडून हुंदका आला. इकडून दुसरा. भावोजी दारापर्यंत आले आणि पाऊल न वाजवता परत गेले.

चिमणी अजून आलेली नाही. लगेच येईल असं मला वाटतही नाही. काही दुःखांना एकाच छपराखाली बसवत नाही. माझा पुठ्ठा आता विटलाय, शिवण सैल झालीय आणि निम्मी पानं कोरी आहेत. ताई कधी घर आवरायला काढेल, रद्दीवाला दारात उभा असेल, तेव्हा कोणीतरी तिला एवढं सांगा, हवी तर कोरी पानं फाडून दे, पण लिहिलेली राहू दे. ती मुलगी चाळीस आठवड्यांची झाली ती फक्त माझ्याजवळ.