साडेआठपर्यंतचं मौन

एरवी आमच्या हैदराबादेतल्या, तारनाक्याच्या घरात आम्ही तिघंच असतो. हे, सासूबाई आणि मी. नाताळच्या सुट्टीत मात्र अकरा माणसं होतात. पुण्याहून धाकटे दीर सुधीर, जाऊ सुजाता आणि त्यांची दोन मुलं येतात. मुंबईहून नणंद अश्विनी, तिचे यजमान आणि दोन मुली. दिवाळीला ज्याचं त्याचं घर असतं. नाताळात शाळाही बंद आणि कंपन्याही, त्यामुळे आमची खरी दिवाळी तेव्हाच.

मी महिनाभर आधीपासून गाद्यांना ऊन दाखवते. मुलांसाठी दारात कागदाची चांदणी लावते. ह्यांना हिमायतनगरला पाठवून बिनअंड्याचा केक आणवते. "ताई, तुमच्या देवीला चालते का चांदणी?" सुजाता एकदा हसून म्हणाली होती. न चालायला काय झालं? आम्हाला मूलबाळ नाही. वर्षातले हे आठ-दहा दिवस कुणी काकू म्हणतं, कुणी मामी म्हणतं, आणि ओल्या टॉवेलांनी दोऱ्या भरतात. देवीपाशी मी वेगळं काही मागत नाही.

सासूबाईंचं तर वर्षच नाताळाला सुरू होतं आणि नाताळाला संपतं. वय शहाऐंशी. ऑगस्टपासून रोज एकदा तरी विचारतात, "तिकिटं काढली का गं त्यांनी?"

माझा नेम असा, की पहाटे आंघोळीपासून तुळशीला पाणी घालेपर्यंत बोलायचं नाही. अकरा वर्षं झाली. पोथी संपते, मी सगळ्यांना नाश्ता वाढते, आणि साडेआठला तुळशीपाशी गेले की मौन सुटतं. तोवर खूणसुद्धा करायची नाही. मान हलवून बोललं तर ते मौन कसलं, असं माझी आई म्हणायची. घरात हे सगळ्यांना माहीत आहे.

यंदा सव्वीस तारखेला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला आणि त्याच दिवशी एकादशी. मी उपमा वाढत होते. सुधीरभाऊजींनी फोन टेबलावर ठेवला.

"ऐका रे सगळे. पुढच्या नाताळाचं एक सुचलंय. कोकणात समुद्राला लागून रिसॉर्ट आहे. आत्ताच बुक केलं तर मिळतंय, नंतर मिळणार नाही."

"हो रे, नाहीतर आपण काय, दरवर्षी इथेच," अश्विनी म्हणाली. "मुलींना आता कंटाळा येतो. येऊन फोन बघत बसतात."

"आणि वहिनी?" तिच्या यजमानांनी विचारलं. तेवढ्या एकाच माणसाने विचारलं.

"वहिनी कसल्या येतायत!" भाऊजी म्हणाले. "रिसॉर्टमध्ये सोवळ्यात वरी-भगर कोण करून देणार त्यांना? त्यांच्या उपवासांचं कॅलेंडर बघून सहल ठरवायची म्हटलं तर निघायलाच नको."

सगळे हसले. मीही हसले असेन. हसण्याला मौनात बंदी नाही.

"मग आईचं?" अश्विनीने विचारलं.

"आईला तो प्रवास झेपायचा नाही. आणि वहिनी आहेतच की तिच्यापाशी."

"दादा, तू येतोस ना?" सुधीरभाऊजींनी ह्यांना विचारलं.

ह्यांचा जन्म हैदराबादचा. मराठी बोलतानाही अर्धी दखनी तोंडात. "हौ, येतो की. तीन-चार दिवस येतो. घरी ही असते."

माझ्या हातात उपम्याचं पातेलं होतं. मी ह्यांच्याकडे बघत उभी राहिले. ह्यांनी ताटली पुढे केली. मी वाढलं.

"वहिनी, तुमची काही हरकत नाही ना?" भाऊजींनी मान वर करून विचारलं. आणि वाट बघितली. अगदी बघितली, खोटं कशाला सांगू. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मग ते फोनकडे वळले. "चला, केलं."

साडेआठला मी तुळशीला पाणी घातलं, नमस्कार केला आणि परत आले. टेबलावर अजून चहा चालला होता.

"भाऊजी, ते रद्द करता येईल का?"

"काय?"

"रिसॉर्टचं. आई वर्षभर वाट बघतात. पुढल्या वर्षी त्या असतील-नसतील. सगळ्यांनी इथेच यावं, असं वाटतं मला."

भाऊजींचा चेहरा उतरला, मग जरा चिडला. "वहिनी, मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही समोर उभ्या होतात."

"मौन होतं."

"अहो ताई," सुजाता बशी पुसत म्हणाली. तिच्या बोलण्यात काटा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "परवा दूध उतू जात होतं तेव्हा बोललात की. 'गॅस, गॅस' म्हणून केवढ्यांदा ओरडलात."

ते खरं होतं. चोवीस तारखेला सकाळी तोंडातून शब्द गेला होता, आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून मी रात्री जेवले नव्हते. कुणाला सांगितलं नव्हतं. आता काय सांगणार? दोन लिटर दुधासाठी माझं मौन मोडलं, ह्यासाठी मोडलं नाही. त्यांनी काय समजायचं?

"नाही, तसं मनात असतं तर त्या बोलल्याच असत्या," अश्विनी भावाला म्हणाली, मी तिथे नसल्यासारखी. "आता एकदा झालंय बुकिंग. पैसे परत मिळत नाहीत. त्यानंतरच्या वर्षी बघू."

"मुलांनी चारमिनार तरी किती वेळा बघायचा, वहिनी?" भाऊजी म्हणाले.

"चारमिनार बघायला येता होय?" मी विचारलं. हळूच विचारलं, मला मोठ्याने येत नाही. ऐकू गेलं असावं, कारण त्यानंतर सगळे एकदम उठले.

"लाइट लो गं, मनावर नको घेऊ," हे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

खरं सांगते. त्या वीस मिनिटांत मला देव आठवला नव्हता. व्रत मोडेल, अशी भीतीही नव्हती. त्या सगळ्यांपैकी एकाने, निदान ह्यांनी, माझं तोंड बघून ओळखावं, एवढंच मनात होतं. कुणी ओळखतंय का, ते मी बघत राहिले, आणि त्याला मौन म्हटलं.

सासूबाईंच्या खोलीत चहा घेऊन गेले. ती खोली टेबलापासून दहा पावलांवर आहे.

"काय ठरलं गं? सगळे हसत होते."

"पुढच्या नाताळाचं, आई."

"येतायत ना?"

मला गोड करून सांगता आलं असतं. "नाही. कोकणात जातायत सगळे. आपण दोघी इथे."

त्यांनी कप तोंडाशी नेला आणि न पिता खाली ठेवला. "थोरला? एकनाथही?"

"हो."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. मौन होतं माझं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला उठवून तिकडे न्यायचं होतंस," त्या म्हणाल्या. "मला कुठे मौन आहे?"

आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. बाहेरून अश्विनी विचारत होती, वहिनी, मुलींच्या आंघोळीला गीझर लावलाय का. मी आतूनच सांगितलं, लावलाय.